सहा वाटांनी हलणारी मूठ

पिंपरी पेंढारहून आळेफाट्यावर यावे, तिथून पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठावे आणि खोडदच्या दिशेला वळावे. थोड्याच वेळात शेतांच्या पलीकडे तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधोमध दाटीने आहेत आणि १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. जुन्नर तालुक्यातल्या मुलांना त्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांच्याकडे पाहून प्रश्न विचारायचे राहूनच जाते. आज त्यातलाच एक साधा प्रश्न घेऊ या. एवढी मोठी तबकडी आकाशातल्या हव्या त्या ठिकाणी रोखायची, तर तिला किती आकडे सांगावे लागतात?

उत्तर आहे, दोन. पहिला आकडा दिगंशाचा. उत्तरेपासून किती अंश वळायचे ते तो सांगतो. दुसरा उन्नतांशाचा. क्षितिजापासून किती वर पाहायचे ते त्यावरून कळते. तबकडीला दोनच सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्याला वेगळी मोटर आहे. दिगंशात ती मिनिटाला सुमारे ३० अंश वळते, उन्नतांशात सुमारे २० अंश. म्हणजे उत्तरेकडे पाहणारी तबकडी दक्षिणेकडे वळवायला सहा मिनिटे लागतात. वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. गणित सोपे आहे, आणि गावाजवळच्या दुर्बिणीचे असल्यामुळे ते लक्षात राहते.

पण तबकडी जागेवरून हलत नाही, म्हणून तिचे दोन आकड्यांत भागते. हातात धरलेल्या काड्यापेटीचे काय? ती कुठे आहे आणि कशी धरली आहे हे पूर्णपणे सांगायचे तर किती आकडे लागतील?

काड्यापेटीच्या सहा हालचाली

एक काड्यापेटी घ्या. ती डावी-उजवीकडे सरकवता येते, पुढे-मागे सरकवता येते आणि वर-खाली उचलता येते. या झाल्या तीन सरकण्याच्या हालचाली. आता जागा न बदलता ती फिरवा. मान होकारार्थी हलवावी तशी पुढे-मागे कलंडवता येते. मान खांद्याकडे झुकवावी तशी बाजूला कलंडवता येते. नकारार्थी मान हलवावी तशी उभ्या अक्षाभोवती वळवता येते. या तीन फिरण्याच्या हालचाली. एकूण सहा. सातवी शोधायला मुलांना सांगा. जी सापडल्यासारखी वाटेल, ती या सहांचेच मिश्रण निघेल.

आता संगणकाचा माउस पाहा. डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये तयार झालेला पहिला माउस म्हणजे एक लाकडी ठोकळा होता. त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक डावी-उजवी हालचाल मोजे, तर दुसरे पुढची-मागची. आजचा माउस चाकांऐवजी प्रकाशाने मोजतो, पण तो मोजतो त्या हालचाली दोनच. सपाट कागदावर लिहायला त्या पुरेशा आहेत. पडद्यावरचे घनाकृती चित्र, म्हणजे एखादा स्फटिक, हृदयाची प्रतिकृती किंवा पंपाचा भाग, हातात घेतल्यासारखा फिरवून पाहायचा असेल, तर दोन हालचालींत सहांचे काम करावे लागते. मग एक कळ दाबून सरकवा, दुसरी दाबून फिरवा, चाक फिरवून जवळ आणा, अशी कसरत सुरू होते.

ही अडचण दूर करणाऱ्या साधनांना त्रिमिती आदान-साधने म्हणतात. त्यांतले सर्वांत परिचित साधन म्हणजे टेबलावर बसणारी एक जाड मूठ. ती बोटांत धरायची आणि जरा ढकलायची, उचलायची किंवा पिळायची. पडद्यावरची वस्तू त्याप्रमाणे हलते.

अवकाशातून आलेली मूठ

या मुठीचा जन्म यंत्रमानवांच्या कामातून झाला. जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्रात गेर्ड हिर्त्सिंगर आणि त्यांचे सहकारी यंत्रमानवाचा हात दुरून चालवण्याचा अभ्यास करत होते. माणसाचा हात सहा प्रकारे हलतो आणि यंत्रमानवाचा पंजाही सहा प्रकारे हलू शकतो. मग या दोघांच्या मध्ये दोनच हालचालींची दांडी का असावी, असा त्यांचा विचार होता. १९९३ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोलंबिया या अवकाशयानातून 'रोटेक्स' हा प्रयोग झाला. यानातला यंत्रहात अंतराळवीरांनी अशा प्रकारच्या साधनाने चालवला आणि जमिनीवरूनही तो चालवला गेला. जमिनीवरून दिलेल्या आज्ञेचा परिणाम पडद्यावर दिसायला पाच ते सात सेकंद लागत. त्यामुळे हात पुढे कुठे असेल याचे भाकीत संगणकाने आधीच करायचे, अशी पद्धत वापरावी लागली. त्या पद्धतीने यानात तरंगणारी एक वस्तूही यंत्रहाताने पकडली.

मुठीच्या आत काय असते? वरची टोपी स्प्रिंगांवर बसवलेली असते. या घराण्यातल्या मूळ रचनेत आत सहा छोटे प्रकाशदिवे, सहा बारीक फटी आणि सहा प्रकाशसंवेदक पट्ट्या आहेत. फटीतून येणारी प्रकाशाची रेघ पट्टीवर कुठे पडते हे मोजले जाते. टोपी किंचित सरकली किंवा कलली की सहाही रेघा थोड्या थोड्या हलतात. अज्ञात हालचाली सहा आणि मापेही सहा. बीजगणितात सहा अव्यक्तांसाठी सहा समीकरणे सोडवावीत, तसे मुठीतला छोटा प्रक्रियक हे गणित सेकंदाला अनेक वेळा सोडवतो.

येथे एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा. माउस जितका सरकवाल तितका बाण सरकतो आणि माउस थांबला की बाणही थांबतो. मुठीचे तसे नाही. मूठ काही मिलिमीटरच हलते. ती जितकी दाबाल तितक्या वेगाने वस्तू हलत राहते आणि सोडली की स्प्रिंग तिला मध्यावर आणते व वस्तू थांबते. म्हणजे मूठ आपल्याला जागा सांगत नाही, वेग सांगते. मोटारगाडीचे सुकाणू आणि तिचा वेग वाढवणारे पायडल यांच्यात जसा फरक आहे, तसाच हा.

आकडे संगणकात कसे येतात?

आता आपण दुसऱ्या भागाकडे येऊ. हे साधन लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीला जोडले तर काय घडते? मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते अशी प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची सुरुवात केली. खोडदलाही तिचा उपयोग झालेला आहे. तीस तबकड्यांकडून येणारे संकेत एकत्र जुळवण्याचे अवजड काम पूर्वी खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होते. तेच काम लिनक्सवर चालणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडून करून घेणारी यंत्रणा तिथल्या शास्त्रज्ञांनी उभारली आणि तिचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध केले.

लिनक्समध्ये बहुतेक प्रत्येक साधन एखाद्या फाइलसारखे दिसते. मूठ जोडली की 'डेव्ह' नावाच्या फोल्डरात तिच्यासाठी एक नोंद तयार होते. ही फाइल वाचली की मुठीकडून येणारे आकडे मिळू लागतात. या प्रकारातल्या एका प्रसिद्ध जुन्या साधनाचा, स्पेसनॅव्हिगेटरचा, संदेश पाहू. तो सात अंकांचा असतो. पहिला अंक १ असेल तर पुढचे सहा अंक सरकण्याचे, २ असेल तर फिरण्याचे. ३ हा अंक कळांसाठी आहे. सहा अंकांच्या तीन जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी एका अक्षाची असते.

समजा, संदेशाची सुरुवात १, ४४, १ अशी झाली. पहिला १ म्हणजे सरकण्याचा संदेश. पुढची जोडी ४४ आणि १. जोडीतला पहिला अंक एककाचा आणि दुसरा २५६ च्या पटीचा. म्हणून ४४ + १ × २५६ = ३००. या साधनाचा पूर्ण आवाका उणे ३५० ते अधिक ३५० आहे. तेव्हा ३०० म्हणजे मूठ बरीच जोराने ढकलली आहे.

आता जोडी २१२ आणि २५४ अशी आली तर? २१२ + २५४ × २५६ = ६५२३६. हा आकडा आवाक्याच्या कितीतरी बाहेर आहे. कारण ऋण संख्या लिहिण्याची संगणकाची रीत वेगळी आहे. ३२७६७ पेक्षा मोठी संख्या आली की तीतून ६५५३६ वजा करायचे. ६५२३६ − ६५५३६ = −३००. म्हणजे मूठ तितक्याच जोराने उलट्या दिशेला ढकलली आहे. दहावीच्या मुलांना हे गणित सहज जमते. ऋण संख्या फक्त संख्यारेषेवर नसतात, यंत्राच्या तारेतूनही वाहतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसते.

मधला कारभारी

मग चित्र काढणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने ही फाइल थेट वाचावी का? त्यात तीन अडचणी आहेत. पहिली, सुरक्षिततेसाठी अशा फाइली वाचण्याचा अधिकार साध्या वापरकर्त्याला सहसा नसतो. दुसरी, लिनक्सचा पडदा सांभाळणारा भाग या मुठीला माउस समजतो आणि मूठ हलवली की बाणच पडद्यावर धावू लागतो. तिसरी, प्रत्येक मुठीची भाषा थोडी वेगळी असते. जुन्या साधनांचे संदेश तर वेगळ्याच तारेवरून आणि वेगळ्याच रूपात येतात.

म्हणून मध्ये एक कारभारी ठेवला जातो. पडद्यामागे सतत चालणाऱ्या अशा प्रोग्रॅमला लिनक्सच्या भाषेत 'डीमन' म्हणतात. या कामासाठीच्या डीमनचे नाव आहे स्पेसनेव्ह-डी. जॉन त्सिओम्बिकास यांनी तो सुरू केला. तो यंत्रचालकाच्या अधिकाराने चालतो, मूठ आपल्या ताब्यात घेतो म्हणजे बाण धावत नाही, कोणत्याही मुठीचे संदेश एकाच सोप्या रूपात आणतो आणि मागणाऱ्या प्रोग्रॅमला देतो. नवीन साधनांबरोबर जुन्या साधनांची भाषाही त्याला कळते.

त्याच्या मांडणीत काही गोष्टी आपल्याला ठरवता येतात. मूठ किती हळवी असावी ते एक. मध्याजवळच्या किती लहान हालचालींकडे दुर्लक्ष करावे ते दुसरे. बोटे कधीच पूर्ण स्थिर नसतात, हे दुर्लक्ष नसेल तर चित्र सतत थरथरते. कोणत्या अक्षाची दिशा उलटावी हे तिसरे. या मुठीचा उपयोग करणारे ब्लेंडर आणि फ्रीकॅड हे प्रोग्रॅमही मुक्तस्रोतच आहेत. ब्लेंडरची कथा सांगण्याजोगी आहे. त्याची मालकी असलेली कंपनी बंद पडली, तेव्हा लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याची आज्ञावली २००२ मध्ये खुली करून घेतली.

शाळेच्या दृष्टीने खरा मुद्दा इथे आहे. साधनाबरोबर येणारा बंदिस्त ड्रायव्हर ठरावीक प्रणालीसाठी, ठरावीक वर्षांसाठी असतो. प्रणाली बदलली, कंपनीने लक्ष काढून घेतले, तर चांगले चालणारे यंत्र कपाटात पडते. त्यात बिघाड काहीच नसतो, फक्त त्याची भाषा समजणारा कोणी उरत नाही. मात्र त्याच्या संदेशांचा अर्थ एकदा कोणी उलगडला आणि सर्वांसाठी लिहून ठेवला, तर साधन चालत राहते. वर आपण तीन ओळींत केलेले ४४ आणि १ चे गणित म्हणजे असेच लिहून ठेवलेले ज्ञान आहे. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची प्रणाली डेबियन या लिनक्सच्या कुळावर आधारलेली आहे आणि स्पेसनेव्ह-डी डेबियनच्या भांडारात आहे. जुन्या संगणकांवर दिवस काढणाऱ्या शाळेला हा आधार लहान नाही.

दिशा उलटी का वाटते?

नवा माणूस मूठ उजवीकडे ढकलतो आणि पडद्यावरची वस्तू डावीकडे जाते. साधन बिघडले, असे त्याला वाटते. बिघाड काही नसतो. एसटीच्या खिडकीतून झाडे मागे पळताना दिसतात, तसेच हे आहे. मुठीने आपण वस्तू हलवत आहोत की पाहणारा डोळा, हे आधी ठरले पाहिजे. डोळा उजवीकडे गेला तर वस्तू डावीकडे जाताना दिसणारच. दोन्ही प्रकार बरोबर आहेत. वस्तू तपासायची असेल तर पहिला सोयीचा, इमारतीत फिरायचे असेल तर दुसरा. सापेक्ष गती शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

पुस्तकाचा प्रयोग

सहा आकडे मिळाले, ते बेरजेने जोडत गेलो की वस्तूची स्थिती मिळेल का? सरकण्याच्या बाबतीत होय. आधी दोन पावले पुढे आणि मग तीन उजवीकडे, किंवा आधी तीन उजवीकडे आणि मग दोन पुढे, पोचायचे ठिकाण एकच. फिरण्याच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. तो करूनच पाहू या.

पुस्तक टेबलावर आडवे ठेवा. मुखपृष्ठ वर आणि पुस्तकाची वरची कड तुमच्यापासून दूर. आता दोन क्रिया ठरवू. क्रिया 'अ', पुस्तकाची तुमच्यापासून दूरची बाजू ९० अंश वर उचलणे. क्रिया 'ब', उभ्या अक्षाभोवती पुस्तक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश वळवणे.

आधी 'अ' आणि मग 'ब' करा. 'अ' नंतर पुस्तक उभे राहते आणि मुखपृष्ठ तुमच्याकडे येते. 'ब' नंतर ते उभेच राहते, पण मुखपृष्ठ डावीकडे जाते.

पुस्तक पुन्हा मूळ जागी ठेवून आधी 'ब' आणि मग 'अ' करा. या वेळी पुस्तक लांब बाजूवर उभे राहते, मुखपृष्ठ तुमच्याकडे असते आणि शिवणीची बाजू छताकडे. शीर्षक आडवे वाचावे लागते.

क्रिया त्याच, क्रम वेगळा आणि उत्तर वेगळे. बेरजेत आणि गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो, हे मुलांनी लहानपणापासून घोकलेले असते. तो नियम सगळीकडे लागू नाही, हे एका पुस्तकाने सिद्ध होते.

मग संगणक काय करतो? तो फिरणे अगदी लहान तुकड्यांत घेतो. ९० ऐवजी ५-५ अंशांनी हाच प्रयोग केला, तर दोन क्रमांच्या उत्तरांत अर्ध्या अंशाहूनही कमी फरक पडतो. तुकडा जितका लहान तितका फरक नगण्य. मूठ वेग सांगते आणि सेकंदाला अनेक वेळा सांगते, याचा फायदा इथे कळतो. प्रत्येक क्षणाचे लहानसे फिरणे आधीच्या स्थितीवर चढवत गेले की क्रमाचा घोटाळा जाणवत नाही.

ओळंब्याची पेटी

अशी मूठ काही हजार रुपयांना मिळते आणि ती विकत घ्याच, असे सांगण्याचा हेतू नाही. त्रिमिती आदान-साधन आज अनेकांच्या खिशात असते. मोबाइल आडवा केला की चित्र आडवे होते, ते त्यातल्या प्रवेगमापकामुळे. हा मापक गुरुत्वाची दिशा ओळखतो. त्याची मर्यादा वर्गात दाखवता येते.

चपलांच्या रिकाम्या खोक्याची एक मोठी बाजू कापून टाका. खोके असे उभे धरा की उघडी बाजू तुमच्याकडे येईल. आत वरून दोऱ्याला बांधलेले नट लटकवा. हा झाला गवंड्याचा ओळंबा. खोके डावीकडे कलंडवा, दोरा खोक्याच्या मानाने सरकतो. पुढे-मागे कलंडवा, तरी सरकतो. आता खोके तसेच उभे ठेवून गोल वळवा. वळणे थांबल्यावर दोरा होता तिथेच! खोक्याची दिशा बदलली हे ओळंब्याला कळलेच नाही, कारण गुरुत्वाची दिशा बदलली नाही. तीन फिरण्यांपैकी दोनच ओळंब्याला कळतात. तिसऱ्यासाठी होकायंत्र हवे किंवा फिरण्याचा वेग मोजणारा वर्तनदर्शी हवा. म्हणून चांगल्या मोबाइलमध्ये ही तिन्ही साधने असतात.

आता पुन्हा खोडदच्या तबकडीकडे पाहा. तिचा उन्नतांश ओळंब्याने मोजता येईल, दिगंश मात्र येणार नाही. का, ते मुलांना विचारा. खोडदला अनेक वर्षांपासून २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या निमित्ताने प्रदर्शन भरत आले आहे आणि परिसरातल्या शाळांतली मुले आपापले प्रयोग घेऊन तिथे येतात. पुढच्या वेळी एखाद्या शाळेच्या टेबलावर काड्यापेटी, पुस्तक आणि ओळंब्याची पेटी एवढेच मांडलेले असले, तरी पाहायला येणाऱ्याला विचारायला एक चांगला प्रश्न मिळेल: ही समोरची तबकडी दोन प्रकारे हलते, मग तुमचा हात किती प्रकारे हलतो?